गुलाबी बोंडअळीला बीटीची ‘सवय’ लागली का?

धुऱ्यावरची_बाभूळ

दिवाळीला गावी गेले होते. आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटच्या बाजूला, सगळा कापसाचा पट्टा. संध्याकाळी ओट्यावर काका आणि शेजारचे दोघं-तिघं बसले होते. विषय नेहमीचाच, बोंडअळी. काकांनी येताना वावरातून चार हिरवी बोंडं आणली होती. एक फोडून माझ्या हातात दिलं. वरून बोंड अगदी धडधाकट, भोकसुद्धा दिसत नव्हतं, आणि आत सरकी पोखरत बसलेली गुलाबी अळी. काका म्हणाले, “अळीले आता बीटीची सवय झाली.” बीटी म्हणजे अळीला मारणारं विष स्वतःच तयार करणारी कपाशी. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

रात्री ते वाक्य डोक्यातून जाईना. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. दर वर्षी बारावीच्या मुलांना नैसर्गिक निवड शिकवते, वापरामुळे शरीरात झालेले बदल पुढच्या पिढीत उतरतात असं म्हणणारा लामार्क कुठे चुकला ते फळ्यावर लिहून देते, आणि घरच्या ओट्यावर ‘सवय झाली’ याला मान डोलावते. हा शब्द चुकीचा आहे. त्यात नुसती भाषेची चूक असती तर मी इथे लिहिलं नसतं. या शब्दामुळे उपायही चुकतो, म्हणून लिहितेय.

सवय एकेकट्या जिवाला होते. लहानपणी तिखट सोसत नाही, पुढे जीभ सरावते. अळीला सरावायला वेळच नसतो. अंड्यातून बाहेर पडल्यावर ती पात्यात, फुलात नाहीतर बोंडात शिरते आणि खायला लागते. बीटीचं प्रथिन पोटात गेलं की काही दिवसांत मरते, किंवा मरत नाही. जी मरत नाही ती जन्मतःच वेगळी असते. बीटी खाऊन ती तशी झालेली नसते.

वेगळी म्हणजे कशी? बीटी हे मातीतल्या एका जिवाणूचं नाव, बॅसिलस थुरिंजिएन्सिस. त्याचं ‘क्राय’ प्रथिन तयार करणारं जनुक कपाशीत घातलंय. हे प्रथिन अळीच्या आतड्यात गेलं की तिथल्या पेशींवरच्या ठरावीक रेणूंना जाऊन चिकटतं, पेशींना भोकं पाडतं, आतडं फाटतं. कुलूप-किल्लीचा प्रकार आहे. गुलाबी अळीत क्राय-१-एसी या किल्लीचं कुलूप म्हणजे कॅडहेरिन नावाचं प्रथिन. एखाद्या अळीत कॅडहेरिनचं जनुक पिढीजात बिघडलेलं असेल तर किल्ली लागतच नाही आणि विष तसंच बाहेर पडतं. भारतातल्या शेतांतून गोळा केलेल्या अळ्यांमध्ये या एकाच जनुकाचे अनेक प्रकारचे बिघाड सापडले आहेत. म्हणजे सगळ्या अळ्यांनी मिळून एक युक्ती शोधून काढली असं काही घडलेलं नाही. असे बिघाड वेगवेगळ्या ठिकाणी आपोआप होत राहतात, एरवी त्यांना काही किंमत नसते. आपण लाखो एकरांवर एकच विष पेरलं आणि त्या बिघाडाला किंमत आली.

आता तारखा पाहा. मार्च २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली, एका जनुकाची, जिला आपण बीजी-१ म्हणतो. २००६ मध्ये दोन जनुकांची बीजी-२ आली. २०१० मध्ये जाहीर झालं की गुजरातेत अमरेली, भावनगर, जुनागड, राजकोटकडची गुलाबी अळी बीजी-१ ला दाद देत नाही. २०१४-१५ च्या सुमारास तिथेच बीजी-२ वरही ती दिसू लागली. आणि २०१७ चा हंगाम विदर्भ-मराठवाड्यात कुणी विसरलेलं नाही. अख्ख्या वावरांतला कापूस किडका, कवडीचा झाला. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन किती माणसं गेली, तेही सगळ्यांना आठवत असेल.

एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमचं एक लहान पाकीट यायचं, नॉन-बीटीचं. शेताच्या कडेने पाच ओळी किंवा एकूण क्षेत्राच्या वीस टक्के त्याने पेरायचे, असा नियम होता. आमच्या घरी ते पाकीट नांग्या, म्हणजे बी न उगवलेल्या मोकळ्या जागा, भरायला वापरलं जायचं, नाहीतर कोठीतच राहायचं. “अळीले खाऊ घालाले कोन पेरते,” असं आजोबा म्हणायचे. मी तेव्हा शिकत होते, पुस्तकात निवड वाचत होते, पण ते पाकीट कशासाठी आहे हे घरात कुणाला सांगितलं नाही. मला स्वतःलाच तेव्हा ते जोडता आलं नव्हतं.

तुमच्याकडे त्या पाकिटाचं काय व्हायचं? आणि ‘सवय’ या शब्दाबद्दल काय वाटतं?

अकोल्याचा_गजू

ताई, तुमचं म्हननं पटते. आमच्याकडं तं ते पाकीट दुकानदारच म्हने, ठेवा घरी, काही कामाचं नाई. पन मले एक सांगा. जन्मतःच औषध पचवनारी अळी होती तं मंग २००५-०६ मंधी कुठं होती ते? तवा आमच्या वावरात गुलाबी अळी दाखवाले भेटत नव्हती. बापाच्या काळात हिरव्या अळीवर सायपरमेथ्रीन मारू मारू थकलो होतो, बीटी आल्यावर दोन-तीन वर्स फवारा लय कमी झाला. ते दिवस चांगलेच होते, खोटं काहून बोलू?

धुऱ्यावरची_बाभूळ

गजूभाऊ, खरंय, ते दिवस चांगलेच होते, आणि तुमचा प्रश्न अगदी मुळाचा आहे.

ती अळी तेव्हाही होती, फक्त फार विरळ. प्रत्येक अळीत या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. एक बिघडलेली आणि एक साबूत असेल तर साबूत प्रतीमुळे कुलूप तयार होतंच आणि अळी मरते. वाचायला दोन्ही बिघडलेल्या लागतात. समजा हजारात एक प्रत बिघडलेली आहे. मग दोन्ही बिघडलेल्या असण्याची शक्यता हजार गुणिले हजार, म्हणजे दहा लाखांत एक. अशी एखादी तुमच्याही वावरात असेल, पण दिसणार कशी?

ती एकटी वाचते, पतंग होते आणि जोडीदार शोधते. सगळं पुढे जोडीदारावर ठरतं. कडेच्या पाच ओळी नॉन-बीटी असतील तर तिथे साध्या अळ्या सुखाने वाढून शेकड्यांनी पतंग झालेले असतात. ही एकटी वाचलेली त्या गर्दीत मिसळते. तिचा जोडीदार जवळजवळ नक्कीच साधा निघतो, पिल्लांना एक प्रत बिघडलेली आणि एक साबूत मिळते, आणि ती सगळी पिल्लं बीटीवर मरतात. तिचा वंश तिथेच थांबतो.

कडेला काहीच नसेल तर? गावभर बीटीच असेल तर त्या रात्री उडणारे पतंग फक्त वाचलेल्यांचे. वाचलेली वाचलेल्याशीच जुळणार आणि पिल्लं सगळीच्या सगळी वाचणारी. आजोबा म्हणायचे की अळीला कशाला खाऊ घालायचं. त्या पाच ओळी अळीला खाऊ घालण्यासाठीच होत्या. साध्या अळ्या जिवंत ठेवणं हेच त्या पाकिटाचं काम होतं.

मंदार_पुणे

माझा शेतीशी काही संबंध नाही, पण वाचून चक्रावलो. उत्क्रांती म्हणजे लाखो वर्षं, डायनासोर, माणूस-माकड असंच डोक्यात होतं. आठ-दहा वर्षांत उत्क्रांती होते?

पक्षीवेडा

मंदार, आठ-दहा वर्षं कशाला, एका दुष्काळातही होते. गालापागोसमधल्या डॅफ्नी मेजर या छोट्या बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट या दांपत्याने १९७३ पासून फिंच पक्ष्यांना कडी घालून वर्षानुवर्षं मोजलं. १९७७ ला पाऊस पडला नाही. मऊ, बारीक बिया संपल्या आणि राहिल्या मोठ्या, कडक, काटेरी. त्यातली एक वनस्पती आपल्या सराट्याच्याच कुळातली. अनवाणी पायात सराटा रुतलेल्याला ते फळ किती टणक असतं ते सांगायला नको. ज्यांची चोच जाड होती त्यांनाच ते फोडता आलं, बाकीचे बहुतेक उपाशी मेले. पुढच्या पिढीची सरासरी चोच मोजून मोठी भरली. कुणाचीही चोच व्यायामाने वाढली नव्हती.

आणि पुढचा भाग मला जास्त आवडतो. १९८२-८३ ला एल निन्योचा धो धो पाऊस झाला, बारीक बियांचं रान माजलं, आणि त्यानंतर निवड उलट्या बाजूला गेली, लहान चोचीकडे. उत्क्रांतीला ‘वर’ जायचं नसतं. समोर जे असेल त्यातून जो निभावतो त्याची पिल्लं पुढे येतात, इतकंच.

धुऱ्यावरची_बाभूळ

सराट्याचं मला माहीत नव्हतं, पक्षीवेडा. वर्गात नक्की सांगेन.

मंदार, काळ वर्षांत मोजण्यापेक्षा पिढ्यांत मोजावा. गुलाबी अळीची पिढी साधारण महिन्याभराची. एका हंगामात चार-पाच पिढ्या होतात, कपाशी लांबली तर आणखी. दहा वर्षांत पन्नासच्या आसपास पिढ्या झाल्या. माणसाच्या हिशोबात हे हजारभर वर्षांपेक्षा जास्त.

तूरडाळ

ताई, एक शंका. आमच्याकडे कपाशीत तुरीचे तास असतातच. नॉन-बीटीऐवजी तूर लावली तरी चालते असंही ऐकलं होतं. मग तुरीच्या ओळींनी हे काम का केलं नाही?

धुऱ्यावरची_बाभूळ

हा प्रश्न कुणीतरी विचारावा असं वाटतच होतं!

हिरव्या बोंडअळीसाठी, म्हणजे अमेरिकन बोंडअळीसाठी, तुरीने ते काम केलं. ती अळी तूर खाते, हरभरा खाते, टमाटे खाते, शेकडो वनस्पतींवर जगते. आपल्या शिवारात तिच्यासाठी बीटी नसलेलं ताट सदैव मांडलेलं आहे. तिथे साध्या अळ्या वाढत राहतात आणि कपाशीवर वाचलेल्या एखाददुसरीला गर्दीत मिसळून टाकतात. कुणी ठरवून केलं नाही, पण आश्रय पीक आपोआप मिळालं. वीस वर्षं होऊन गेली तरी हिरवी अळी बीटीवर बऱ्याच अंशी आटोक्यात राहिली, त्याचं हे मोठं कारण.

गुलाबी अळी जवळजवळ कपाशीवरच जगते. तुरीकडे ती बघतही नाही. तिच्यासाठी आश्रय म्हणजे नॉन-बीटी कपाशीच, दुसरं काही नाही. एकाच वावरात, एकाच बीटीवर, दोन अळ्या. एकीने दाद दिली, दुसरीने नाही. बीटीत वाईट काय होतं असं विचारणाऱ्यांना मी हेच दाखवते. बीटी दोघींना तीच होती. फरक पडला तो आजूबाजूला त्यांना आणखी काय खायला होतं यामुळे.

सोनोरा

मी मूळचा परभणीचा, गेली बरीच वर्षं अमेरिकेत ॲरिझोनात टूसानला आहे. धागा वाचून राहवलं नाही, कारण याच अळीची दुसरी बाजू इथे घडली.

इथे बीटी कपाशी १९९६ ला आली, भारताच्या सहा वर्षं आधी. तीच गुलाबी अळी, तेच क्राय-१-एसी. प्रयोगशाळेत इथल्या अळीतही कॅडहेरिनचे बिघाड सापडले होते, म्हणजे बी इथेही होतं. पण शेतकऱ्यांनी नॉन-बीटीचे पट्टे खरोखर लावले आणि दहा वर्षं अळी बीटीला दाद देत राहिली. २००६ पासून त्यांनी पद्धत बदलली. अळ्या कारखान्यात वाढवायच्या, किरणोत्साराने पतंग वांझ करायचे आणि विमानातून शेतांवर सोडायचे, अब्जावधींच्या संख्येने. त्यांच्या खाद्यात लाल रंग मिसळलेला असतो, त्यामुळे सापळ्यात पतंग सापडला की चिरडून पाहायचं, लाल निघाला तर आपला, नाहीतर रानातला. वाचलेल्या रानातल्या पतंगाला वांझच जोडीदार मिळतो. बाभूळताईंनी जोडीदाराबद्दल लिहिलंय त्याचीच ही पुढची पायरी. ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेने आपल्या कापूस पट्ट्यातून गुलाबी बोंडअळी संपल्याचं जाहीर केलं.

मात्र यावरून आपल्या शेतकऱ्याला कुणी बोल लावू नये. इथे एकेकाची शेती शेकडो एकर, त्यात पट्टा सोडणं सोपं. परभणीत माझ्या भावाला चार एकर आहे. त्यातली वीस टक्के अळीसाठी सोड, असं त्याला कुठल्या तोंडाने सांगू?

अकोल्याचा_गजू

सोनोराभाऊ, हे बोल्ले तुम्ही. बाकी लोकं म्हनतात शेतकऱ्यानं पाकीट फेकलं, शेतकऱ्यानं फरदड घेतली. फरदड काहून घेते मानूस? डिसेंबरात भाव नसते, घरात पैसा नसते. पऱ्हाटी उभी हाये, एक पानी देल्लं का जानेवारी-फेब्रुवारीत दोन क्विंटल अजून निंगते. उपटून टाकाले मन होत नाई.

धुऱ्यावरची_बाभूळ

गजूभाऊ, आमच्याकडेही घ्यायचे, त्यामुळे दोष द्यायला तोंड नाही. पण फरदडीत काय होतं ते सांगते, कारण ते फारसं सांगितलं जात नाही.

मघाशी म्हटलं की एकच प्रत बिघडलेली अळी बीटीवर मरते. ती मरते भरपूर मात्रेवर. झाड म्हातारं व्हायला लागलं की त्यातलं क्राय प्रथिन कमी होत जातं. डिसेंबर-जानेवारीच्या पऱ्हाटीत मात्रा इतकी उतरते की एक प्रत बिघडलेली अळीसुद्धा निभावते. दोन प्रती बिघडलेल्या दहा लाखांत एक, पण एक प्रत बिघडलेल्या हजारात दोन. त्या वाचायला लागल्या की हिशोबच बदलतो. शिवाय अळीला अन्न मिळत राहतं, एक-दोन पिढ्या जास्त निघतात, आणि शेवटची पिढी सरकीत, पडलेल्या बोंडांत, बांधावर रचलेल्या पऱ्हाटीच्या गंजीत झोपून पुढच्या हंगामाची वाट पाहते.

सरकी_१०१

मी बरीच वर्षं बीजोत्पादनाच्या प्लॉटवर काम केलंय, म्हणून एक मुद्दा घालतो. शेतकऱ्याने काय केलं याची चर्चा खूप होते, बियाणं कसं होतं याची कमी.

जगात बहुतेक ठिकाणी बीटी सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या, वाणांत आहे. आपल्याकडे बीटी आली ती जवळजवळ पूर्णपणे संकरित बियाण्यात. १९७० मध्ये सुरतहून आलेल्या एच-४ पासून संकरित कापूस ही आपली मोठी ताकद आहे, त्याबद्दल अभिमानही आहे. पण संकरित झाडात बीटीचं जनुक एकाच आईबापाकडून आलेलं असतं, म्हणजे एकच प्रत. त्या झाडाच्या बोंडात जी सरकी धरते ती पुढची पिढी असते, आणि तिच्यात जनुक वाटलं जातं. एका जनुकाच्या बीजी-१ मध्ये चारातली एक सरकी बिनबीटीची. बीजी-२ मध्ये काही सरक्यांत दोन्ही जनुकं, काहींत एकच, आणि सोळातल्या एकीत एकही नाही.

गुलाबी अळी खाते काय? सरकी. एकाच बोंडात तिला एक दाणा विषारी, दुसरा अर्धा, तिसरा साफ. ताईंनी फरदडीबद्दल जे अर्ध्या मात्रेचं सांगितलं, ते इथे भर हंगामातसुद्धा चालू असतं.

दुसरं म्हणजे हे संकरित वाण लांब मुदतीचे, सहा महिने आणि वर. जुन्या देशी कपाशीसारखे लवकर आटोपणारे नाहीत. आणि त्या १२० ग्रॅमच्या पाकिटातलं बी पुष्कळदा बीटीशी फुलाच्या वेळेला जुळायचं नाही, उगवणही कमी. मग शेतकऱ्याने ते फेकलं यात नवल काय?

तूरडाळ

सरकीदादा, एक अडतं. नॉन-बीटी झाड असणं चांगलं आणि बोंडात नॉन-बीटी सरकी असणं वाईट, हे कसं? दोन्हीकडे अळीला साफ खायलाच मिळतंय ना?

सरकी_१०१

प्रश्न रास्त आहे. पूर्ण झाड नॉन-बीटी असेल तर त्यावरची अळी आयुष्यभर विषाच्या वाटेला जात नाही. तिथे निवडच होत नाही, साधी आणि बिघडलेली दोन्ही सारख्याच जगतात, आणि साध्या जास्त असल्याने पतंगही साधे जास्त. मिश्र बोंडात मात्र प्रत्येक अळी कुठे ना कुठे विषाला तोंड देते, पण थोड्या मात्रेला. साधी मरते, एक प्रत बिघडलेली निभावते. म्हणजे निवड चालू राहते आणि नेमकी चुकीच्या बाजूने.

चीनमध्ये यांग्त्से नदीच्या खोऱ्यात उलटा अनुभव आला. तिथल्या शेतकऱ्यांनी संकरित बियाण्याची दुसरी पिढी पेरली, स्वस्त पडते म्हणून. त्यात साधारण चारातलं एक झाड संपूर्ण नॉन-बीटी निघतं. कुणी नियम केला नव्हता, तरी वावरभर विखुरलेला आश्रय तयार झाला, आणि वाढू लागलेला प्रतिकार मागे हटला. आपल्याकडे आता नॉन-बीटी बी त्याच पाकिटात मिसळून देतात, ते याच विचाराने. गुलाबी अळी एका झाडावरून दुसऱ्या झाडावर फारशी फिरत नाही, म्हणून मिसळलेलं चालतं. पण वीसएक वर्षांपूर्वी हे झालं असतं तर फार बरं झालं असतं.

ओपीडी_नंबर_३

मी डॉक्टर आहे, क्षयरोगाचे रुग्ण पाहते. धागा वाचताना हात थरथरला, कारण हे सगळं आम्ही रोज बोलतो, फक्त अळीऐवजी जिवाणू म्हणतो.

फुप्फुसातल्या एका पोकळीत कोट्यवधी जिवाणू असतात. आयसोनियाझिडला न जुमानणारा जिवाणू साधारण दहा लाखांत एक, रिफाम्पिसिनला न जुमानणारा दहा कोटींत एक. एकच औषध दिलं तर तो एक आधीच आत बसलेला असतो, बाकीचे मेले की रान त्याचं. दोन्ही एकदम दिली तर दोन्हींना पुरून उरणारा जिवाणू मिळायला दहा लाख गुणिले दहा कोटी लागतात, तेवढे शरीरात नसतातच. म्हणून सुरुवातीला चार औषधं, आणि म्हणून सहा महिने पूर्ण. रुग्ण दोन महिन्यांनी बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडतो तेव्हा आम्हीही ‘जंतूला सवय होईल’ असंच सांगतो. ताई, तुमचं वाचून उद्यापासून मी शब्द बदलणार आहे.

एक विचारते. बीजी-२ मध्ये दोन विषं होती, आमच्यासारखीच. मग ती का चालली नाही?

धुऱ्यावरची_बाभूळ

डॉक्टर, तुमच्याच भाषेत सांगते. आधी चार वर्षं एकच औषध दिलं, मग त्यात दुसरं मिसळलं. मधल्या काळात पहिल्याला न जुमानणारे वाढायला लागले होते. बीजी-२ आल्यावरही बीजी-१ शेजारच्या वावरात चालूच होती, त्यामुळे पहिलं कुलूप फोडणाऱ्यांची फौज तयार होत राहिली. त्यांच्यापुढे बीजी-२ म्हणजे एकच कुलूप, क्राय-२-एबीचं. ते वेगळ्या जनुकाच्या बिघाडाने उघडतं, आणि काही वर्षांत तेही उघडलं. दोन कुलपं एकदम लावली असती तर तुमचा गुणाकार लागू झाला असता. एकामागून एक लावली, म्हणून नुसती बेरीज झाली.

मंदार_पुणे

मग आता तिसरं जनुक आणायचं? तणनाशक सहन करणाऱ्या कपाशीचंही ऐकतो.

अकोल्याचा_गजू

ते चोर बीटी म्हनतात तिले. परवानगी नाई, तरी बी भेटते. निंदनाचा खर्च वाचते म्हनून लोकं लावतात.

धुऱ्यावरची_बाभूळ

निंदणाच्या मजुरीचा प्रश्न खरा आहे, गजूभाऊ. पण गणित तिथेही हेच. दर वर्षी तेच एक तणनाशक मारलं की वाचलेल्या तणाचं बी पडणार. अमेरिकेत ग्लायफोसेटला न जुमानणारी राजगिऱ्याच्या कुळातली तणं शेतंच्या शेतं व्यापून बसली आहेत.

मंदार, तिसरं जनुक एकटं आणलं तर तिसरी तारीख लिहावी लागेल. आज हातात आहे ते साधं आहे. जूनच्या आधी पेरणी करायची नाही. मे-जूनमध्ये झोपेतून उठणाऱ्या पतंगांना पाती-फुलं मिळाली नाहीत तर ते अंडी न घालता मरतात. अलीकडे काही हंगामांत बियाणं जूनच्या आधी विकू देत नाहीत ते यासाठीच. मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे कामगंध सापळे लावायचे आणि मोजायचं. सलग तीन दिवस रोज सापळ्यात आठ पतंग आले तर फवारायचं, त्याआधी नाही. डोमकळ्या, म्हणजे आत अळी असल्याने नीट न उमललेली फुलं, दिसल्या की तोडून नष्ट करायच्या. डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटायची. आणि हे एकट्याने करून उपयोग नाही, पतंग शेताचा धुरा, बांध ओळखत नाही. गावाने मिळून केलं तरच.

फरदडीचं मी सांगितलं, पण जानेवारीचे ते दोन क्विंटल कोण भरून देणार, याचं उत्तर माझ्याजवळ नाही. लवकर येणारं, एकाच वेळी फुटणारं सरळ वाण आणि दाट लागवड, यावर नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतले लोक वर्षानुवर्षं बोलत आहेत. पीक पाच महिन्यांत आटोपलं आणि मोकळ्या रानात हरभरा आला तर फरदडीचा मोह राहत नाही, हे मला सगळ्यात खरं वाटतं.

एक विनंती. ज्यांची कपाशी उभी आहे त्यांनी वावराच्या चार कोपऱ्यांतून आणि मधून वीस हिरवी बोंडं तोडा, फोडा, आणि कितीत अळी निघाली ते इथे लिहा. बोंडं बाहेरून धड दिसणारीच घ्या, किडकी निवडून नका घेऊ. वीसात दोन म्हणजे दहा टक्के, तिथे हालचाल करावी लागते. काकांच्या वावरात मी मोजली, वीसात पाच.

तूरडाळ

आमच्याकडे वीसात एक. पेरणी २० जूनची होती.

सोनोरा

भावाला फोन केला. तो म्हणतो तीन. पण त्याच्या शेजाऱ्याने मेमध्येच ठिबकवर लावली होती, तिथे सहा.

अकोल्याचा_गजू

ताई, आज सकाळी गेलतो. बायको आन् मी, दोघायनं मोजले. वीसात चार. एका बोंडात तं दोन अळ्या होत्या. पोरगी आठवीत हाये, तिनं विचारलं का बाबा, ह्या चार वाचल्या त्यायचे लेकरं बी वाचतीन का? मी म्हनलं हो. तं ते म्हने, मंग पऱ्हाटी कवा उपटता? रोटावेटरवाल्याले २८ तारखेचं सांगून ठेवलं.